परसातल्या पस्तीस खुंट्या

१२ फेब्रुवारी, रविवार

आज साढूंनी आम्हाला त्यांच्या गोल्फ क्लबात नेलं. चहा पाजायला नव्हे, आपण सदस्य आहोत हे दाखवायला. तिथे कापून कापून गालिच्यासारखा केलेला गवताचा एक तुकडा आहे. त्याला पटिंग ग्रीन म्हणतात. चेंडू उडवायचा नाही, नुसता घरंगळत नेऊन भोकात पाडायचा. म्हटलं, यात काय मोठंसं! दहा चेंडू मारले. एक पडला, तोही साढूंच्या चेंडूवर आपटून. साढू म्हणाले, "मिलिमीटरराव, वजनकाटे दुरुस्त करण्याइतकं सोपं नाही हो हे." मेहुणी हसली. ही (म्हणजे माझी बायको, नोंद स्पष्ट असावी) तीही हसली. तारीख लिहून ठेवली आहे.

गेली अठ्ठावीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त करतोय. कुठल्या शाळेत शिकलो नाही, कोणाच्या हाताखाली राहिलो नाही. पहिला काटा स्वतःच्या हिमतीवर उघडला, आणि बंदही स्वतःच केला, चार दिवसांनी. लोक मला मागून 'मिलिमीटर' म्हणतात. त्यांना वाटतं, मला माहीत नाही. त्यांना असंही वाटतं की हा टोमणा आहे.

घरामागे परसात सहा मीटर बाय चार मीटर मोकळी जागा पडून आहे. ठरलं.

१३ फेब्रुवारी, सोमवार

नाश्त्याच्या वेळी घोषणा केली. स्वागत झालं नाही.

ही म्हणाली, "आणि अण्णा कुठे चालणार?"

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं शिंपीकाम केलं. सासूबाई गेल्यावर गेल्या वर्षी आमच्याकडे राहायला आले, एक बॅग आणि एक शिलाई मशीन घेऊन. दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टरांनी रस्त्यावर फिरायला बंदी केलीय, पण बसून राहायलाही बंदी केलीय. डॉक्टरांचं असंच असतं. म्हणून अण्णा रोज सकाळी काठी घेऊन परसात बारा फेऱ्या मारतात. मोजून.

मी म्हटलं, "कडेने चालतील. सहा बाय चारच्या बाहेर फूटभर जागा उरतेय की चहूबाजूंनी."

"फूटभर?"

"तीस पूर्णांक पाच सेंटिमीटर."

अण्णा म्हणाले, "चालेल गं. माणसाला चालायला पाऊलभर जागा पुरते." म्हाताऱ्या माणसात समजूतदारपणा असतो. तो त्यांच्या मुलीत उतरला नाही.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

खोदकामाला एक गडी लावला. खोली पंचवीस सेंटिमीटर: खाली खडी, तिच्यावर दगडाचा बारीक चुरा, वर नकली गवताची गुंडाळी. पाच पुस्तकं आणि असंख्य व्हिडिओ बघून आराखडा केलाय. सगळ्यांच्या चुका दुरुस्त करून. एकाही गाढवाला मोजमाप येत नाही. "हवा तिथे थोडा उतार द्या," म्हणे! थोडा म्हणजे किती? मी उतार देणार नाही. माझं ग्रीन आरशासारखं सपाट असेल.

दहा सेंटिमीटर खाली गेल्यावर चिकणमाती लागली. काळी, तेलकट. फावड्याला धरली की सोडेना. गड्याने कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "साहेब, ही माती भावकीसारखी आहे. भिजली की फुगते, वाळली की फाटते, पण आपल्याला काही सोडत नाही."

मी त्याला तत्त्वज्ञानाचे पैसे देत नाही. उद्यापासून दर एक-दोन दिवसांनी संध्याकाळी खड्ड्यात भरपूर पाणी मारायचं ठरवलं, म्हणजे माती मऊ राहील आणि कडा तासता येतील. साधी युक्ती आहे. पुस्तकात नाही.

२२ फेब्रुवारी, बुधवार

आजचा दिवस सोन्याचा. खड्ड्यात मीटर-मीटरवर लाकडी खुंट्या ठोकल्या. सात गुणिले पाच, एकूण पस्तीस, प्रत्येकीवर क्रमांक लिहून. प्रत्येक खुंटीचं डोकं मागच्या दाराच्या पायरीच्या कडेपासून बरोबर बारा सेंटिमीटर खाली. पाणसळीची नळी लावून तीनतीनदा तपासलं. पस्तीसच्या पस्तीस एका पातळीत, फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. आता याच खुंट्यांच्या डोक्याबरोबर खडी आणि चुरा भरायचा.

हिला बाहेर बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान. खिळ्यांची गादी वाटतेय."

संध्याकाळी पाणी मारलं.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सवयीने माप घेतलं. एकवीस खुंट्या वर आल्यात. दोन मिमी, तीन मिमी, एक तर साडेचार!

नळी तपासली. नळीत बुडबुडा नाही. माझ्यात तर नाहीच नाही. खुंट्या पुन्हा ठोकून पातळीत आणल्या. चार तास गेले.

अण्णा कडेने फेऱ्या मारत होते. प्रत्येक फेरीला थांबून खड्ड्यात डोकावत होते, जणू सरकारने यांना पाहणीला पाठवलंय.

२६ फेब्रुवारी, रविवार

काल संध्याकाळी पाणी मारलं होतं. आज पुन्हा सगळं वरखाली. अण्णा बाकावर बसून बघत होते. म्हणाले, "जावईबापू, एक सांगू? कपड्याचं माप घेताना गिऱ्हाईक छाती फुगवून उभं राहतं. आम्ही अर्धा इंच जास्त धरतो. माप घेतो त्या क्षणीच माणूस तेवढा असतो, घरी गेल्यावर नसतो."

"ही माती आहे, अण्णा. गिऱ्हाईक नाही."

"तेच म्हणतोय. थोडी ढील ठेवा."

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात टेप सोडून दुसरं मोजायचं हत्यार हातात धरलं नाही, तो मला माप शिकवतोय. वयाचा मान म्हणून गप्प बसलो. पण एक गोष्ट डोक्यात आली. घरात चार हात माझे-हिचे, आणि एक काठी. परसात रोज सकाळी सर्वात आधी कोण जातं?

असं म्हणायला नको. पण मोजायला काय हरकत आहे?

१ मार्च, बुधवार

संध्याकाळी पाणी मारून झाल्यावर सगळ्या खुंट्यांभोवती खडूची भुकटी पसरली. माप नाही बोलत, तर ठसे बोलतील. हिने विचारलं, "हे काय?" म्हटलं, "मुंग्यांसाठी."

२ मार्च, गुरुवार

पुरावा मिळाला.

सकाळी सव्वासातला बघितलं तर भुकटीत सपातांचे ठसे आणि काठीचे गोल गोल डाग. कडेवर नाही, खड्ड्याच्या आत! खुंट्यांची नोंद वहीत वेगळी केली आहे. जास्तीत जास्त वाढ सहा मिमी.

दुपारी जेवताना विषय काढला. शांतपणे. आवाज चढला असेल तर तो हिचा.

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही खड्ड्यात उतरला होतात?"

ते म्हणाले, "हो."

"खुंट्या हलवल्यात?"

त्यांनी घास ठेवला. ही म्हणाली, "अहो, काय विचारताय तुम्ही?"

"फक्त माप विचारतोय. आठ दिवसांत पाच वेळा पातळी गेली. कोणीतरी काठीने खुंट्या उचकटतंय. कारण नसताना कोण करेल? कारण आहे. ज्याला इथे ग्रीन नकोय, त्याला कारण आहे."

आता वाटतं, शेवटचं वाक्य गाळता आलं असतं. पण ते तर्काला धरून होतं.

अण्णांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "काठी माझीच आहे, जावईबापू. अंगणही तुमचंच आहे." ताटावरून उठले, हात धुतले, खोलीत गेले. धाकट्या मुलीला फोन लावल्याचा आवाज आला.

३ मार्च, शुक्रवार

साढू स्वतः गाडी घेऊन आले. खड्डा बघितला, खुंट्या बघितल्या, मला बघितलं. "वा! आमच्या क्लबात अठरा भोकं आहेत, तुमच्याकडे पस्तीस!" मी पाणसळीची नळी गुंडाळत राहिलो. माणसाने पातळी सोडू नये.

अण्णा बॅग घेऊन गेले. जाताना मला नमस्कार केला, बँकेतल्या कारकुनाला करतात तसा. शिलाई मशीन मागे राहिलंय, त्यावर चादर घातलेली आहे. ते ठेवलं म्हणजे परत येणार, असं मी हिला म्हटलं. ही म्हणाली, "गाडीच्या डिकीत मावलं नाही."

त्यानंतर ही बोललेली नाही. चहा मिळतो. बशी मात्र टेबलावर अशी ठेवली जाते की आवाज बाहेरच्या रस्त्यापर्यंत जावा.

असो. आता निदान काम वेळेत होईल.

५ मार्च, रविवार

दोन दिवस पाणी मारलं नाही, मन नव्हतं. ऊन कडक. आज माप घेतलं.

आठ खुंट्या खाली गेल्यात. पाच मिमी!

अण्णा इथून सात किलोमीटरवर आहेत.

शेजारचा बोका? बोक्याचं वजन चार किलो धरलं तरी खुंटी पाच मिमी खाली जाणार नाही. मी हिशेब केला. शेजारी? त्यांना कुंपण ओलांडता येत नाही, गेल्या वर्षी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय. ही? हिला मी दिवसभर स्वयंपाकघरात बघितलंय. म्हणजे पाठ बघितलीय.

उरतो मी. हा पर्याय विचारात घेतला नाही.

८ मार्च, बुधवार

शेवटी शास्त्रीय पद्धतीने प्रयोग केला. बादलीत तीच चिकणमाती भरली, दाबली, मध्ये एक खुंटी ठोकली, बादलीच्या काठाशी बरोबर पातळी घेतली. दीड लिटर पाणी ओतलं. बादली दुकानात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली खिशात. कोणीही काठी घेऊन बादलीत शिरू शकणार नाही.

९ मार्च, गुरुवार

साडेपाच मिमी वर.

बराच वेळ दुकानात स्टुलावर बसून राहिलो. एक गिऱ्हाईक काटा घेऊन आलं, त्याला म्हटलं उद्या या. अठ्ठावीस वर्षांत असं कोणाला म्हटलं नाही.

घरी येऊन ही वही उघडली आणि तक्ता केला: डाव्या बाजूला पाणी मारल्याच्या तारखा, उजव्या बाजूला खुंट्या वर आल्याच्या तारखा. एक दिवसाचंही अंतर चुकत नाही. अक्षर माझं. नोंदी माझ्या. इतक्या नीटनेटक्या नोंदी दुसऱ्या कोणी ठेवल्या असत्या तर मी त्याचं कौतुक केलं असतं.

तक्ता हिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "मातीचा दोष आहे."

हिने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. सहा दिवसांनंतर पहिल्यांदा बोलली. "पाणी कोण मारत होतं?"

मी म्हटलं, "ते तांत्रिक कारणासाठी होतं."

"अण्णा इथे राहात होते, ते कसल्या कारणासाठी होतं?"

याला तक्त्यात रकाना नाही.

१० मार्च, शुक्रवार

पत्र लिहायचं ठरवलं. पहिला मसुदा: "आपल्याविषयी झालेला गैरसमज मातीच्या गुणधर्मामुळे होता." फाडला. दुसरा: "उपलब्ध पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष तेव्हा योग्य होता." हिने वाचून फाडला. तिसरा लिहायला बसलो तेव्हा ही म्हणाली, "चिठ्ठी नको. तोंड घेऊन जा."

"तुझ्या बहिणीकडे? साढूसमोर?"

"मग आरोप काय पडद्याआड केला होता का?"

१२ मार्च, रविवार

गेलो. ही बरोबर आली, साक्षीदार म्हणून असावी.

साढूंच्या बैठकीत एवढा मोठा मऊ कोच आहे की माणूस त्यात बसला की गुडघे कानाशी येतात. त्या अवस्थेत मला माफी मागायची होती. साढू समोर पाय पसरून बसले. मेहुणीने टीव्ही बंद केला. कोणी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "अण्णा, खुंट्या मातीने हलवल्या. पाणी मी मारत होतो. तुम्ही नाही हलवल्या. मी जेवताना जे बोललो ते खोटं होतं. माझं चुकलं."

शेवटचे दोन शब्द मी याआधी फक्त शुद्धलेखनात लिहिलेत. साढूंनी खोकल्यासारखं केलं. मेहुणीने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की खोकला बरा झाला.

अण्णा म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." मग म्हणाले, "चहा घ्या."

मला वाटलं, झालं. म्हटलं, "मग बॅग घेऊ?"

अण्णांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. खाली इमारतीभोवती कुंपणाच्या आतच सिमेंटची लांबरुंद वाट, चकचकीत सपाट. "इथे वीस फेऱ्या होतात, जावईबापू. काठी टेकायला जागा बघावी लागत नाही. तुमच्याकडे खड्ड्याच्या कडेने चालताना एक पाय मुलीच्या घरात आणि एक पाय खड्ड्यात असायचा. गुडघे म्हणतात, इथेच राहा." रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

परत येताना गाडीत ही खिडकीकडे तोंड करून बसली होती. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं म्हणे. काच बंद होती.

१४ मार्च, मंगळवार

आराखडा बदलला. कारणं पूर्णपणे तांत्रिक आहेत.

१) पाणी मारणं कायमचं बंद. २) तळाला उतार: मीटरला दीड सेंटिमीटर, पायरीपासून कुंपणाकडे. त्या पाचही पुस्तकांतली गाढवं या एका मुद्द्यावर चुकून बरोबर निघाली. ३) तळाशी भोकं पाडलेला पाइप, म्हणजे पाणी मातीत न मुरता बाहेर जाईल. ४) चहूबाजूंनी दगडी फरशीचा पट्टा, खाली खडी, निचऱ्यासाठी.

निचऱ्याला वीस सेंटिमीटरचा पट्टा पुरतो. मी पंचाहत्तर धरला.

गड्याला परत बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, एवढ्या रुंद पट्ट्यावरून पाणी जाणार आहे की वरात?" मी म्हटलं, खोद.

२१ मार्च, मंगळवार

पट्ट्याची फरशी बसली. खडबडीत दगड घेतला. गुळगुळीत स्वस्त होता, पण ओला झाला की घसरतो. म्हणजे पाणी घसरतं. सांधे सपाट केले, कुठे दोन मिमीची पायरीसुद्धा नाही. पट्ट्याच्या मधोमध माप धरलं तर एक फेरी सतरा मीटर. बारा फेऱ्या दोनशे चार. केवळ नोंदीसाठी.

पट्टा घेतल्यावर ग्रीन उरलं साडेचार बाय अडीच. साढूंच्या क्लबात एवढं तर पायपुसणं असेल.

संध्याकाळी ही बाहेर आली. पट्ट्यावरून चपला काढून एक फेरी चालली, एकटीच. आज बशीचा आवाज झाला नाही.

२५ मार्च, शनिवार

गवताची गुंडाळी अंथरली, कडा चिकटवल्या, भोक पाडून कप बसवला. दहा चेंडू मारले. सहा पडले. एकदाही कोणाच्या चेंडूवर आपटून नाही. उतारामुळे चेंडू डावीकडे वळतो, तो अंदाज घ्यावा लागतो. अंदाज! मी! हिला म्हटलं, "सहा." ती म्हणाली, "उद्या अण्णा बघायला येतायत." मी विचारलं, कोणी बोलावलं. म्हणाली, "पट्ट्याने."

२६ मार्च, रविवार

अण्णा आले. साढू सोडून गेले, आत आले नाहीत. घाईत होते, सुदैवाने.

अण्णांनी काठीने फरशी ठोकून बघितली, कापडाचा पोत बघतात तसा दगडावर हात फिरवला. मग चालायला लागले. मी बाकावर बसून पेपर वाचत होतो. बाराव्या फेरीला थांबतील असं वाटलं. थांबले नाहीत. पंधराव्या फेरीला माझ्याजवळ येऊन बसले.

म्हणाले, "जावईबापू, तुम्ही त्या दिवशी कोचावर बसून माफी मागितलीत, तेव्हा मी एक बोललो नाही. चारचौघांत तुम्हाला बरं वाटलं नसतं."

"काय?"

"सतरा नंबरची खुंटी मी हलवली होती."

मी पेपर खाली ठेवला.

"तुम्ही खडू टाकला होतात ना, त्या सकाळी. कडेवरून पाय सटकला, खड्ड्यात गेलो. खुंटी धरून उठायला गेलो तर ती हातातच आली. मग परत ठोकली. पायरीच्या कडेला डोळा लावून."

"नुसत्या डोळ्याने?"

"दुसरं होतं काय माझ्याकडे?"

म्हणजे अण्णा खड्ड्यात पडले होते. आणि मी ठशांचं माप घेत होतो.

रात्री झोपण्याआधी वही काढली. २ मार्च, सकाळ, खुंटी क्रमांक सतरा. बाकी चौतीस खुंट्या एक ते सहा मिमी वर. सतरा: शून्य. तेव्हा मी त्या शून्याभोवती गोल करून शेजारी लिहिलंय: "ही एकच प्रामाणिक."

हे त्यांना सांगायचं की नाही, ते ठरत नाही.

२७ मार्च, सोमवार

सांगितलं. वही दाखवली, गोलसुद्धा. अण्णांनी चष्मा न लावताच बघितली आणि परत दिली. म्हणाले, "बरोबरच असणार ती." त्यांच्यात नम्रता फारशी नाही, हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग हिला हाक मारून म्हणाले, "अगं, मशीनवरची चादर काढ. आणि माझी बॅग आणायला कोण जातंय?"

मीच गेलो. साढूंनी दार उघडलं, मला नखशिखांत बघितलं आणि आत तोंड करून म्हणाले, "अगं, टीव्ही बंद कर! मिलिमीटरराव परत माफी मागायला आलेत."

मी म्हटलं, "माफी नाही. सामान न्यायला आलोय."